मातीआधी खण

वाटणी घरात बसून करायची नाही, मंडपात बसून करायची, हा कवठाळीचा जुना रिवाज. घरात भाऊ भांडले तर कोणी ऐकत नाही. मंडपात भांडले तर अख्खं गाव ऐकतं, आणि गाव ऐकतंय म्हटल्यावर माणूस निदान शिव्या तरी जरा निवडून देतो. म्हणून मार्गशीर्षातल्या त्या सकाळी मंजुळाबाई मंडप झाडत होती, आणि झाडता झाडता मनातल्या मनात देवाला विनवत होती, की बाबा रे, या दोघांना आज एकमेकांच्या अंगावर जाऊ देऊ नकोस.

दोघे म्हणजे तिचा नवरा किसनराव आणि धाकटा दीर सोनाजी. सासरे उकंडराव पाटील जाऊन दहा वर्षं झाली होती. तेवढी वर्षं सासूबाईंनी, म्हणजे चतुराबाईंनी, दोन्ही लेकांना एका चुलीवर धरून ठेवलं. यंदा मात्र धामधुमीचं साल सरलं, भादव्यात लष्कर आलं, निजामाचं राज्य गेलं, रानोमाळ पांगलेली माणसं घरोघर परतली, आणि परतल्या परतल्या सोनाजी म्हणाला, "आता म्या वेगळा निघतो." राज्यच बदललं आहे तर घरही बदलून घ्यावं, असं बहुधा त्याला वाटलं असेल.

मंडप म्हणजे खरं तर मंडप नव्हेच. चांगलं नऊ खणांचं माळवद होतं ते, सागवानी खांबांचं आणि मातीच्या सपाट छताचं. पूर्वी त्या जागेवर लग्नसराईत पळसाच्या डहाळ्यांचा मांडव पडायचा. एका साली ऐन अक्षतांच्या वेळी वावटळ आली आणि मांडव उचलून ओढ्यात टाकून गेली. नवरा-नवरी उघड्यावर, भटजी कडुनिंबाच्या बुंध्याला मिठी मारून. त्या दिवशी उकंडरावांनी मनावर घेतलं. थावरा नाईकाच्या बंजारा तांड्यानं आपले बैल जुंपून डोंगरातलं सागवान पूर्णेच्या पाण्यातून ओढून आणलं, सुतारांनी खांब तासले, गावानं भिंती उचलल्या. थावरा त्याच सालच्या तापात गेला. त्यानं आणलेल्या लाकडावर छप्पर चढलेलं त्याला काही बघायला मिळालं नाही. माळवद झालं, तरी नाव मंडपच राहिलं.

चावडी सरकारची. तिथं गेलेला माणूस आधी कमरेत वाकायचा आणि मग बोलायचा. मंडप गावाचा. लग्नं इथं, सप्ताह इथं, पंचांचा न्याय इथं. लढाईच्या सालांत सरकारनं सक्तीनं घेतलेली लेव्हीची ज्वारी इथंच पडली आणि पटकीच्या साथीत आजारी माणसंही इथंच निजवली. दोन खांबांमधला एकेक खण एकेका घराण्यानं उचललेला होता. दर वैशाखात, पावसाच्या तोंडावर, प्रत्येकानं आपल्या खणावर पांढरी माती टाकायची, आणि ज्यानं वर माती टाकली त्यानंच खाली बसायचं. खण गळला तर त्या घराण्याचं हसं व्हायचं. सटवाजी सुताराच्या लेकीच्या लग्नात अवकाळी पाऊस आला आणि नेमका सुतारांचाच खण गळला. त्या जावयाला गाव आजही 'ओला जावई' म्हणतं, आणि तो बिचारा पावसाळ्यात सासुरवाडीला फिरकत नाही.

पूर्वेच्या टोकाचा, तांड्याच्या वाटेकडचा खण तेवढा कोणाचा, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. उकंडराव होते तोवर तो रिकामा होता. ते गेल्यावर किसनरावांनी त्यात हळदीची पोती रचली, वर मातीही तेच टाकू लागले, आणि हळूहळू तो पाटलांचा होऊन बसला. आताही झाडताना मंजुळाला त्या बाजूनं हळदीचा उग्र वास येत होता. सोमवारपासून इथं शाळा भरणार होती. नव्या सरकारनं मास्तर धाडला होता. तो म्हणाला, पोरं कुठंही बसू द्या. गाव म्हणालं, कुठंही कसं? आपापल्या खणात बसतील. मास्तर गावात नवा होता, गप्प राहिला.

उन्हं वर आली तशी माणसं जमली. पंच म्हणून सटवाजी सुतार खांबाला टेकून बसला. पाटलांच्या खणात खांबाच्या एका अंगाला किसनराव, दुसऱ्या अंगाला सोनाजी. वाटणीला असंच बसतात, तोंड दिसू नये म्हणून. बायका भिंतीकडे. चतुराबाई मधोमध, त्यांच्या उजवीकडे वसमतहून आलेली लेक आशाबाई आणि डावीकडे मंजुळा.

सुरुवात बरी झाली. जमिनी वाटल्या, बैल वाटले. विहिरीचं पाणी पाळीनं घ्यायचं ठरलं. सटवाजी तर म्हणालासुद्धा, "असे भाऊ पाह्यले न्हाई बुवा. आमच्या घरात रंधा वाटताना डोकी फुटली व्हती."

त्याची दृष्टच लागली म्हणायची.

"आता ह्यो पूर्वेचा खण," सोनाजी म्हणाला. "ह्यो मला पाहिजे. शाळा व्हऊन राहिली, बाजूला किराणा टाकतो म्हणतो."

"आन् हळद कुठं ठेवू म्या? तुझ्या दुकानात?"

"दादा, तुमाला वाडगं भेटलं, कडब्याची जागा भेटली."

"वाडग्यात हळद ठेवायची व्हय? ओल लागंल." किसनरावांचा आवाज चढला. "धा साल माती म्या टाकली त्या खणावर. तू एक तरी पाटी टाकली का कधी?"

"त्याला टाकू कोणी देलं?" आशाबाई मध्ये पडली. "दादा, तुमी सगळं आपल्याच हातात ठेवलं, आन् आता म्हणता तू काय केलं."

"आशे, तुला माहेराला जेवायला बोलावलं, वकिली कराया न्हाई."

"जेवायला बी कुठं बोलावलं? सोनानं बोलावलं म्हणून आले म्या."

चतुराबाईंनी हात वर केला. त्या कायम थोरल्याच्या बाजूनं असत; त्यात लपवालपवीही नव्हती. "खण किसनाचा. ज्यानं माती टाकली त्याचा. मंडपाचा कायदा हाये."

"माय, तुझा कायदा दर येळी दादाच्याच दारात कसा जाऊन बसतो?" सोनाजी म्हणाला, आणि दोघे भाऊ खांबाच्या दोन्ही अंगांनी डोकी बाहेर काढून एकमेकांकडे बघू लागले. खण माझा, खण माझा, एवढंच काय ते ऐकू येत होतं. मंजुळानं डोळे मिटले.

तेवढ्यात अंगणातल्या कडुनिंबाखालून हाक आली. "पाटील, राम राम."

तांड्याचा रामसिंग नाईक उभा होता, थावराचा लेक. बरोबर त्याची धाकटी पोरगी होती, तेल लावून वेणी घातलेली, बापाचं बोट धरलेली. त्याला बघून मंजुळा आपोआप सावरून बसली. धामधुमीत, किसनराव सीमेपलीकडे गेलेले असताना, दिवस भरलेली मंजुळा याच रामसिंगच्या घरात लपली होती. तिची तान्ही लेक त्याच्या आईच्या, नानीबाईच्या हातावर जन्मली होती. तांड्यात आईला याडी म्हणतात. मंजुळाही नानीबाईला याडीच म्हणू लागली होती, फक्त सासूच्या कानावर जाणार नाही अशा बेतानं.

"ये ना नाईका, वर ये," सटवाजी म्हणाला.

रामसिंग पायरीशी आला आणि थांबला. "सोमवारी शाळा हाये म्हन्ले. आमची लेकरं कुठं बसवायची, तेवढं इचाराया आलो."

प्रश्न साधा होता, पण तो आपल्याला आधी सुचला नाही याची प्रत्येकाला थोडी लाज वाटली असावी, कारण जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडे बघू लागला.

"आपापल्या खणात बसायचं ठरलं हाये," सटवाजी घुटमळत म्हणाला. "तुमचा खण... तसा न्हाई ना."

"मंग पायरीवर बसव," किसनराव म्हणाले. ते काही वाईट मनानं म्हणाले नाहीत. त्यांच्या मते त्यांनी वाट काढून दिली होती. "ऐकू येतंय सगळं तिथून."

रामसिंगनं पायरीकडे पाहिलं. पोरीनंही पाहिलं. "पायरीवर जोडे असतेत, पाटील."

चतुराबाईंना ते भलतंच लागलं. त्यांच्या घरानं तांड्याशी वाईट वागल्यासारखं कोणी बोललेलं त्यांना खपत नसे, आणि त्याला कारण होतं.

"नाईका, आमाला बोल लावू नको," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरासाठी म्या काय केलं ते तुझ्या मायला इचार. मालक गेले तवा ह्यो किसना वसमतला डाक्तर आणाया गेला व्हता. उशाला म्या एकटी. मालकाला शब्द फुटत नव्हता. नुस्तं म्हन्ले, 'नानीला खण द्यायचा राहिला. माती पडायच्या आधी द्या.' तेवढं बोलले आन् गेले. म्या माती पडू देली का? तिरडी बांधून तयार व्हती. कपाळ पुसल्यालं, तशी उठले, पेटीतला रेशमी काठाचा खण काढला, तांड्यात गेले, नानीच्या हातात ठेवला, आन् मंग तिरडी उचलू देली. गाव नावं ठेवत व्हतं. विधवेनं विधवेला खण देला म्हणून हसत व्हतं. हसू दे म्हन्ले. मालकाचा शब्द हाये. तवापासून दर दिवाळीला एक खण जातो का न्हाई?"

"जातो, पाटलीणबाई," रामसिंग खाली बघत म्हणाला. "बराबर जातो."

ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. सासऱ्यांनी मरताना नानीला खण द्यायला सांगितला, म्हणून दर दिवाळीला चोळीचा एक नवा खण तांड्यात पोचवायचा. गेली काही वर्षं तो मंजुळाच नेत होती. पण मधलं वाक्य तिनं आज पहिल्यांदा ऐकलं. माती पडायच्या आधी.

सासरे वैशाखात गेले होते. मंजुळा तेव्हा नवी नवरी होती, तरी तिला ते लख्ख आठवत होतं, कारण मातीला, म्हणजे अंत्यविधीला, आलेल्या माणसांना मंडपापाशी वळसा घालून जावं लागलं होतं. माळवदावर टाकायच्या पांढऱ्या मातीच्या गाड्या तिथं रिकाम्या झाल्या होत्या. मातीचे ढीग पडले होते.

आणि मग तिला नानीबाईच्या झोपडीतलं छत आठवलं. बाळंतपणात ती दिवसच्या दिवस त्याच्याकडे बघत पडून होती. गवताचा कचरा लेकरावर पडू नये म्हणून नानीबाईनं खाटेवर कापड ताणून बांधलं होतं. हिरवे, जांभळे, डाळिंबी, रेशमी काठांचे खण, एकाला एक जोडून शिवलेले. मंजुळानं विचारलं होतं, "याडी, ह्ये तर आमचेच खण. तुमी शिवले काहून न्हाई?"

"आमच्या काचळीला हे कापड चालत नस्ते, बेटी," नानीबाई हसून म्हणाली होती. "तिला आरसे लागतेत, जाडं कापड लागते. तुझ्या सासऱ्यानं खण म्हन्लं व्हतं. खण आला. आपून काय म्हणावं?"

तेव्हा मंजुळाला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आता तिची नजर पूर्वेच्या खणातल्या हळदीच्या पोत्यांकडे गेली.

बोलावं की न बोलावं? सासूबाईंच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी कामगिरी ती होती. कपाळ पुसलेलं असताना, लोक हसत असताना, त्यांनी नवऱ्याचा शब्द राखला होता. रडू यायचं तेव्हा त्या त्याच आठवणीला धरून उभ्या राहायच्या. ती आठवण त्यांच्या हातून काढून घ्यायची, तीही सुनेनं, तीही सगळ्या गावासमोर? आणि नाही बोलावं तर ती वेणी घातलेली पोरगी सोमवारी जोड्यांत बसणार. तिच्याच बापानं दारात काठी घेऊन पहारा दिला होता, तेव्हा आत मंजुळाची लेक जन्मली होती.

"आत्याबाई," मंजुळा म्हणाली. आवाज इतका बारीक आला की तिला पुन्हा म्हणावं लागलं. "आत्याबाई, एक इचारू का?"

"काय गं?"

"मामंजी गेले तो महिना कोणता व्हता?"

"वैशाख. तुला ठावं न्हाई व्हय?"

"मंडपावर माती कोणत्या महिन्यात पडती?"

किसनराव वळले. "अवं, हितं काय चालू हाये, आन् तू काय इचारून राहिली? गप बस जरा."

मंजुळा गप बसली नाही. "आत्याबाई, मामंजींना त्यांच्या मातीचं म्हणायचं व्हतं, का मंडपाच्या मातीचं?"

क्षणभर कोणालाच काही समजलं नाही. मग सटवाजीनं तंबाखू मळता मळता हात थांबवला आणि तो पूर्वेच्या खणाकडे, वरच्या तुळईकडे बघू लागला. सगळेच बघू लागले. त्या तुळया कोणाच्या बैलांनी आणल्या हे मंडपात बसलेल्या एकूण एक माणसाला माहीत होतं.

"नानीला खण," आशाबाई हळूच म्हणाली. "ग बाई! चोळीचा न्हाई."

चतुराबाई उठून उभ्या राहिल्या. चेहरा लालबुंद झाला होता. "माझ्या माणसाचं बोलणं मला समजंना व्हय गं? तू कालची आलेली, मला शिकवतीस? चाळीस साल संसार केला म्या त्यांच्याशी. त्यांनी नुस्तं खाकरलं तरी मला समजायचं!"

"व्हय, आत्याबाई."

"व्हय काय? व्हय म्हणू नको!" त्यांनी पदर डोक्यावर ओढला, पायऱ्या उतरल्या, रामसिंगच्या अंगावरून गेल्या आणि तांड्याच्या वाटेला लागल्या. मंजुळा मागोमाग धावली. वाटणीला बसलेले दोघे भाऊ खांबाशी तसेच राहिले, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांना भांडायला काही सुचेना.

वाट फार नव्हती. मंजुळाला वाटत होतं, सासू आता वळेल आणि आपल्या कानाखाली देईल. चतुराबाई वळल्या नाहीत. सगळी वाट त्या काहीतरी पुटपुटत होत्या; मंजुळानं कान दिला तेव्हा कळलं, त्या तेच वाक्य म्हणत होत्या, वेगवेगळ्या चालींनी, जणू मेलेल्या माणसाच्या तोंडून ते पुन्हा एकदा नीट ऐकायचं होतं.

नानीबाई दारात बसून ज्वारी पाखडत होती. पाटलीणबाईंना बघून तिनं सूप खाली ठेवलं.

"नाने," चतुराबाई उभ्याउभ्याच म्हणाल्या, "मालकानं तुला काय कबूल केलं व्हतं?"

नानीबाईनं मंजुळाकडे पाहिलं. मंजुळाचं तोंड बघून तिला सगळं समजलं असावं. "जाऊ द्या, पाटलीणबाई. बसा. पाणी आणते."

"पाणी नको. सांग."

"खण."

"कोणता?"

नानीबाईनं सूप बाजूला सारलं. "ज्याच्यावर माती टाकता येते, तो," ती म्हणाली.

चतुराबाई मटकन खाली बसल्या. दारातून आत ते रंगीबेरंगी छत दिसत होतं, आणि त्या एकटक त्याच्याकडे बघत होत्या. एकेक खण त्यांनी स्वतः निवडलेला होता. काठ बघून, रंग बघून, हात फिरवून.

"मंग धा साल तू बोलली काहून न्हाईस?" शेवटी त्या म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो नानीबाईवरचा नव्हता.

"कशी बोलू?" नानीबाई त्यांच्याजवळ सरकली. "तुमी तिरडीजवळून उठून आल्या व्हत्या. पायात काही न्हाई, कपाळ उघडं. माझ्या हातात खण ठेवला आन् म्हन्ल्या, 'नाने, मालकाचा शब्द पुरा झाला बघ.' तवा तुमच्या तोंडावर म्या म्हणू का, हा न्हाई, तो? माझा बी माणूस गेलेला. म्हन्ले, हिला तेवढं समाधान राहू दे. आन् मंग दुसऱ्या साली बी खण आला. तिसऱ्या साली बी. दर साल यायला लागला. जितके साल गेले तितकं बोलणं अवघड झालं."

"आन् तुझी माणसं? पाऊस आला की अंगणात कडुनिंबाखाली भिजत उभी राह्यची. म्या पाह्यलं हाये. म्या म्हणायची, ह्येंना वर यायला काय व्हतं."

"ज्याची माती न्हाई त्यानं कसं यावं? तुमचाच कायदा, पाटलीणबाई."

चतुराबाईंनी पदर तोंडावर घेतला. गाव सोडून जाताना किंवा परतल्यावर लुटलेलं घर बघतानासुद्धा मंजुळानं सासूला असं रडताना पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, आपण हे काय करून बसलो. ती पुढे झाली; पण नानीबाईनं आधीच पाटलीणबाईंचा हात हातात घेतला होता, आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींचे हात धरून, एक रडत आणि एक गप्प, उन्हात बसून राहिल्या. मंजुळा मागं सरली आणि सूप उचलून उरलेली ज्वारी पाखडू लागली. दुसरं काय करावं तिला सुचेना.

परत आल्या त्या तिघी मिळून. मंडपात कोणी हललं नव्हतं.

"सटवाजी," चतुराबाई पायरीवरूनच म्हणाल्या, "पूर्वेचा खण वाटणीतून काढ. तो आपला न्हाई. तांड्याचा हाये. माझी ऐकण्यात चूक झाली."

एवढं बोलणं त्यांना किती जड गेलं असेल ते मंजुळालाच ठाऊक.

सकाळपासून एकमेकांवर डोळे वटारणारे भाऊ एका दमात एक झाले. "माय, असं कसं?" दोघे एकदमच म्हणाले, आणि सोनाजी खांबाला वळसा घालून चक्क थोरल्याच्या शेजारी जाऊन बसला. "माय, दादानं धा साल माती टाकली त्याच्यावर!" हे सोनाजीचं बोलणं. "आन् सोनाच्या दुकानाचं काय?" हे किसनरावांचं.

"बरं झालं. एक तर झाले!" आशाबाई म्हणाली, आणि मंडपात हसू फुटलं.

किसनराव हसले नाहीत. "माय, हळद कुठं ठेवू?"

"माझ्या डोईवर ठेव. पण तिथून काढ."

"आन् कायदा? ज्याची माती त्याचा खण, तूच म्हन्ली आत्ता. तांड्याची माती कुठं हाये वर?"

मंजुळाला वाटलं, आता झालं. नवऱ्याचं म्हणणं कायद्याला धरून होतं. माती वैशाखात पडते, आणि हा मार्गशीर्ष. वैशाखापर्यंत पोरं पायरीवरच.

चतुराबाई लेकाजवळ गेल्या. "किसना, तू धा साल टाकली ती तुझी माती. एकाच्या मातीवर दुसऱ्याची पडत नस्ती, आधीची उकरून काढावी लागती. ती उकरून काढ. तुझ्या बापानं म्हन्लं व्हतं, माती पडायच्या आधी द्या. धा पावसाळे झाले. म्या अजून वैशाखाची वाट पाहू का?"

किसनरावांनी आईकडे पाहिलं. मग मंजुळाकडे. तिनं मान खाली घातली नाही. आज ती खाली घालायचं तिच्या लक्षातच राहिलं नाही. किसनराव नाकातून एक मोठा श्वास सोडून उठले, पूर्वेच्या खणात गेले आणि त्यांनी एका पोत्याच्या कानाला हात घातला. पोतं जड होतं. दुसऱ्या कानाला सोनाजीनं हात घातला.

"तुझं दुकान माझ्या घराच्या ओसरीत टाक," किसनराव पोतं उचलता उचलता धाकट्याला म्हणाले, रागानंच. "तेवढं तरी उघड्यावर नको."

"भाडं घेचाल?"

"घेतो ना. सोडतो व्हय!"

दुपार कलेपर्यंत दोघेही डोक्यापासून पायापर्यंत पिवळे झाले होते. आशाबाई म्हणाली, दोघांनाही हळद लागली, आता नवऱ्या हुडकाव्या लागतील. तांड्यातली माणसं शिडी लावून वर चढली आणि जुनी माती उकरू लागली. पांढरीची एक गाडी सोनाजी घेऊन आला. बाया पाण्याचे हंडे आणू लागल्या. रामसिंगची पोरगी मोकळ्या झालेल्या खणात, हळदीच्या सड्यावर, एकटीच मांडी घालून बसून बघत होती, कसं वाटतं ते.

"पैली पाटी कोण टाकंल?" सटवाजीनं विचारलं.

"नानी," चतुराबाई म्हणाल्या.

नानीबाई शिडी चढली. चढताना तिनं खालून हात दिलेल्या मंजुळाकडे वाकून हळूच म्हटलं, "ते छत सोड आन् हितं आणून बांध, बेटी. नवी माती हाये, लेकरांच्या डोळ्यांत जाईल." मग ती वर दिसेनाशी झाली.

चतुराबाई त्या खणाच्या बरोबर खाली येऊन उभ्या राहिल्या. वर पाटी उलटल्याचा आवाज झाला. लाकडांच्या फटींतून बारीक पांढरी धूळ उतरली आणि त्यांच्या डोक्यावर, खांद्यांवर, पुढे केलेल्या हातांवर पडत राहिली.

"आत्याबाई, बाजूला व्हा. अंगावर पडून राहिली."

"पडू दे," चतुराबाई म्हणाल्या. "आज झाली बघ मालकाची माती."

मंजुळानं मग त्यांना ओढलं नाही. ती त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि वरून दुसरी पाटी पडली.